गायकवाड, हनुमंत

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी लोणावळ्याच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल यशोधरा साळवेने संगणकाच्या पडद्यावरचं ‘होय’ हे बटण दाबलं आणि हनुमंत गायकवाड नावाची दोन माणसं एक झाली. त्यातला एक कुरवंड्याचा शेतकरी, हयात. दुसरा खंडाळ्याचा, रेल्वेचे रूळ सांभाळणाऱ्या गँगमधला, दोन हजार नऊ साली वारलेला. हा दुसरा यशोधराचा बाप.

आवाज काही झाला नाही. ‘या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत काय?’ असं यंत्र सकाळपासून विचारत होतं आणि सकाळपासून उत्तर होयच होतं. जुन्या ग्रंथतालिकेत एकच लेखक कुठे आद्याक्षरांनी आलेला, कुठे पूर्ण नावाने, कुठे नावामागे ‘डॉ.’ लावून, कुठे ‘प्रा.’ काढून. ग्रंथनोंदीच्या नव्या मानकांप्रमाणे प्रत्येक माणसाची एकच नोंद हवी आणि त्याने जे जे लिहिलं ते सगळं त्या नोंदीला बांधलेलं हवं. काम कठीण नव्हतं, कंटाळवाणं होतं. वाचायचं, होय दाबायचं, पुढचं वाचायचं. तासाभराने वाचणं मागे पडलं होतं आणि बोट पुढे गेलं होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही. गायकवाडांनंतर पाककृती लिहिणाऱ्या एका बाईंच्या दोन नोंदी आल्या, त्यांनाही तिने होय म्हटलं, आणि तेव्हा कुठे मागची ओळ तिच्यापर्यंत पोहोचली. तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा घातला. काचा स्वच्छच होत्या. मागे जाऊन तिने नोंद उघडली. गायकवाड, हनुमंत. जन्म १ जून १९४१. खाली दोन पुस्तकं, ‘आमची भातशेती’ आणि ‘बोगद्यातली गाणी’. मृत्यूच्या रकान्यात काही नव्हतं. दोन नोंदी एक करताना यंत्र जी जास्त भरलेली असेल ती ठेवतं. कुरवंड्याच्या आबांच्या, म्हणजे शेतकरी हनुमंताच्या, नोंदीत गाव होतं, व्यवसाय होता, सुनेचा मोबाइल नंबर होता. बापाच्या नोंदीत जन्म आणि मृत्यू एवढंच होतं, दोन्ही तिनेच भरलेलं. जन्म जुळला म्हणून राहिला. मृत्यू गेला.

एक जून ही तारीख कुरवंड्याच्या शाळेतल्या गुरुजींनी दिलेली. आईबापांना पोर कधी झालं ते पक्कं ठाऊक असायचं, पण ते भाताच्या आवणीच्या वेळी, लोंबी निसवताना, गौरी आल्या त्या दिवशी असं. गुरुजींना तारीख लागायची. शाळा जूनमध्ये भरायची, तेव्हा दाखल झालेली सगळी पोरं एक जूनला जन्मली. मावळात गावोगाव अशी माणसं आहेत. बाप एकतीस मेला निवृत्त झाला तेव्हा त्याच्याबरोबर गँगमधले आणखी काही जण त्याच संध्याकाळी निवृत्त झाले होते, सगळ्यांच्या गळ्यात सारखेच हार, फोटोत कोणाची निवृत्ती आहे ते कळत नाही. कुरवंड्यात बापाच्या वर्षी शाळेत घातलेल्या पोरांत दोन हनुमंत होते, दोघेही गायकवाड. एक गावातल्या मराठ्यांच्या आळीतला, दुसरा ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. आडनाव एक, जात वेगळी. गुरुजींना घोटाळा व्हायचा नाही, कारण कोण कुठे बसतं ते ठरलेलं होतं. छप्पन सालानंतर वस्तीने धर्म बदलला, पुष्कळांनी पोरांची नावं बदलली. बापाने स्वतःचं बदललं नाही. दाखल्यावर आहे ते राहू दे, नोकरीला लागेल, म्हणाला. मुलीचं नाव मात्र विचार करून ठेवलं.

गेल्या दिवाळीत नव्या मानकांची तयारी म्हणून स्थानिक लेखकांच्या जन्मतारखा गोळा करण्याचं काम वाचनालयाला आलं होतं. ते तिनेच केलं. फोनवर म्हातारी माणसं आधी खोकायची, मग तारीख सांगायची, आणि पुष्कळदा तारीख तीच असायची. तिला त्यात थोडी मजा वाटली होती. आपण यंत्राला काय पुरवतो आहोत हे तेव्हा तिला दिसलं नव्हतं.

तालिकेच्या पुण्याच्या केंद्रात मदतीला अतुल असतो. तिशीतला, पटकन बोलणारा, प्रत्येकीला मॅडम म्हणणारा.

“बोला मॅडम.”

“दोन नोंदी चुकून एक झाल्यात. परत वेगळ्या करायच्यात.”

“कुणी केल्या?”

“मीच.”

“मॅडम, वर्कशॉपमध्ये दोनदा सांगितलं होतं मी. जोडायला एक क्लिक, तोडायला अर्ज.” तो हसला. “लग्नासारखं आहे ते.”

ती हसली नाही. दोन्ही पुस्तकं कोणती, माणसं कोण, ते तिने सांगितलं. पलीकडे टायपिंगचा आवाज येत होता.

“दोघांचं नाव एक, जन्म एक, मूळ गाव एक,” अतुल म्हणाला. “माणसं दोन असली तरी पुस्तकं दोघांची, हे कशावरून म्हणायचं?”

“एक माझे वडील आहेत.”

टायपिंग थांबलं.

“सॉरी मॅडम. पण मग तुमचं म्हणणं घेता येत नाही. नातेवाईक असला की दुसऱ्या कुणाचा तरी शब्द लागतो. तुमच्यावर नाही हो हे. मागे एका वाचनालयात एकाने सासऱ्याला चक्क कादंबरीकार करून टाकलं होतं.”

“मग कुणाचं चालेल?”

“दुसरे गायकवाड आहेत ना? ते म्हणाले, गाण्यांचं पुस्तक माझं नाही, की काम झालं. मी स्वतः फोन करून विचारीन. तुम्ही फक्त त्यांना कल्पना देऊन ठेवा. आणि सोमवारी सहाच्या आत, मॅडम. सहाला जिल्ह्याचा डेटा वर जातो. मग पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीत.”

“आणि तोवर?”

“तोवर एकच.”

फोन ठेवल्यावर तिची नजर समोरच्या कपाटावर गेली. ते पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचं कपाट. छोट्या छोट्या खणांचं, प्रत्येक खणाला पितळी कडी, कडीवर अक्षर. हल्ली त्यात चार्जर, स्टेपलर आणि सभासदत्वाचे कोरे अर्ज असतात. कार्डं बाहेर काढून त्यांच्या कोऱ्या बाजूवर चिठ्ठ्या लिहायच्या असा कार्यकारिणीचा ठराव झाला होता आणि त्याला तिची हरकत नव्हती, कारण कार्डांचा कागद जाड होता आणि शाई फुटत नव्हती. ‘ग’चा खण केव्हा रिकामा झाला ते तिला आठवत नव्हतं. त्या खणासमोर एकदा बाप उभा होता. ती तेव्हा शाळेत होती, दुसरीत किंवा तिसरीत. ग्रंथपाल सखारामभाऊ टाइपरायटरवर बसलेले, आणि बापाने डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली, जशी तो मोठ्या साहेबापुढे धरायचा. लोणावळ्याच्याच एका छापखान्यात छापलेलं ते पातळ पुस्तक टेबलावर होतं. सखारामभाऊंनी मुखपृष्ठ उलटलं, आतलं पान पाहिलं, आणि त्यांना जे विचारायचं होतं तेवढंच विचारलं. “कुठले गायकवाड म्हणायचे तुम्ही?” बाप म्हणाला, खंडाळा. कुरवंडे म्हणाला नाही. सखारामभाऊंनी नावापुढे कंस करून खंडाळा टाइप केलं, कार्ड ओढून काढलं, फुंकर मारली, खणात घातलं आणि खण लावला. सगळं मिळून चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नसेल. पुढे पुष्कळ रविवारी बाप तिला घेऊन वाचनालयात यायचा. तिच्यासाठी गोष्टीचं पुस्तक बदलून घ्यायचा आणि जाता जाता तो खण ओढायचा, बोटांनी कार्डं चाळत आपल्यापाशी थांबायचा, पाहायचा, खण परत लावायचा. पुस्तक त्याने कधी कपाटातून काढलं नाही. पुस्तक घरी होतंच. कार्ड घरी नव्हतं.

त्या कंसामुळे इतकी वर्षं काही घोटाळा झाला नाही. कार्डांवरून पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती भरणाऱ्या कंत्राटदाराकडे कंसांना जागा नव्हती. त्याने ते गाळले. याबद्दल कोणी काही बोललं नाही, कारण कोणाच्या लक्षात आलं नाही. सखारामभाऊ गेल्यानंतर तिला त्यांची जागा मिळाली, आणि त्यांनी शिकवलं होतं तेच ती करत राहिली. पुस्तकाचं आतलं पहिलं पान काय म्हणतं ते लिही. तुला काय वाटतं ते लिहू नको. पान खोटं बोलत असलं तर ते लेखकाचं पाप, आपलं नाही. या एका सूचनेवर तिची नोकरी निघाली. उन्हाळ्यात पुण्याला झालेल्या वर्कशॉपमध्ये अतुलने पहिल्याच तासाला सांगितलं की आता पानावर थांबायचं नाही. माणूस कोण, काम कोणतं, माणसाचं त्या कामाशी नातं काय, हे विचारायचं. कवी की संकलक की गायक की सहलेखक. प्रत्येक नात्याला वेगळा रकाना. हॉलमध्ये एसी जोरात होता. मागच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले होते, शिरूरकडची एक पेंगत होती. मधल्या सुट्टीत जेवताना एका ग्रंथपालाने विचारलं, “हे सगळं करून वाचक वाढणार का हो?” सगळे जिलेबी संपवत होते. शेवटी एक प्रश्नावली आली. ‘नव्या मानकांसाठी आपण स्वतःला कितपत सज्ज समजता?’ पूर्णतः, बऱ्याच अंशी, काही अंशी, अल्प, मुळीच नाही. तिने बऱ्याच अंशी वर खूण केली. सगळ्यांनी तिथेच केली होती, हे पुढे अहवालात आलं. परतीच्या गाडीत तिचे डोळे चुरचुरत होते. मळवली स्टेशन गेल्यावर ती उठून दारापाशी उभी राहिली आणि तिला वाटलं, मी सज्ज आहे म्हणजे नक्की काय आहे. मला कंटाळा आलेला आहे आणि मला हे जमतं, या दोन गोष्टी मिळून जे होतं त्याला बहुधा ते लोक सज्ज म्हणतात.

बुधवारी वाचनालयाचे कार्यवाह बाजीराव यांनी नव्या तालिकेतली ‘आपल्या मावळचे लेखक’ ही यादी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. गुरुवारी त्याखाली हात जोडलेले पुष्कळ झाले. शुक्रवारी कुरवंड्याच्या ओंकार गायकवाडने, आबांच्या नातवाने, एक फोटो टाकला. नागफणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं पर्यटकांसाठी तंबूत राहण्याचं ठिकाण आहे. त्याच्या फाटकावर नवा फलक होता. ‘कवी हनुमंत गायकवाड यांच्या गावी आपले स्वागत. तंबू, चुलीवरचे जेवण, कॅम्पफायर.’ फलकावर बोगद्याचं चित्र होतं. यशोधराने तो फोटो मोठा करून पाहिला, मग लहान केला. नवरा पलीकडे टीव्हीसमोर बसला होता. त्याला तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बटणच आहे ना, परत दाब. आणि ते म्हणणं वाईट नसतं. तिला झोप आली नाही असंही झालं नाही. झोप आली. सकाळी ती नेहमीच्या वेळेला उठली. एक विचार ती दात घासताना, डबा भरताना पुन्हा पुन्हा करत होती, आणि तो संपत नव्हता. बापाला वेगळं करायचं तर मृत्यूचं साल पुन्हा भरावं लागेल. पहिल्यांदा भरताना तिला काही वाटलं नव्हतं. चार आकडे होते.

रविवारी ती रिक्षाने कुरवंड्याला गेली. भात कापून झालं होतं. खळ्याखळ्यांवर झोडपणी चालू होती आणि इंद्रायणी भाताचा वास रस्त्यापर्यंत येत होता. ‘लायन्स पॉइंट’ विचारणारी गाडी दोनदा आडवी आली. ओंकार फाटकाशी उभा राहून कुणाला तरी फोनवर तंबूचा दर सांगत होता. तिला पाहून त्याने फोन छातीशी धरला.

“या काकू! काय यादी लावलीत हो. आबा कवी आहेत हे आम्हालाच माहीत नव्हतं बघा. गेस्ट विचारतात, आजोबांना भेटवा.”

“आबा आहेत ना?”

“आहेत की. जाणार कुठं. चार दिवस झाले गातायत.”

पडवीत सून सविता सुपात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि आतून खुर्ची आणली. “यशाताई, बसा. खरंच गातायत हो. जेवताना घास हातात आणि गाणं तोंडात. ह्या ओंक्यानं डोक्यात भरवलंय.”

आबा खांबाला टेकून, अंगावर घोंगडी घेऊन बसले होते. पातळ झालेला माणूस, कान मोठे. त्यांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं.

“कोन?”

“यशोधरा. खंडाळ्याच्या हनुमंताची मुलगी.”

“हनमाची व्हय? हितं बस, हितं. खुर्चीत नगं, लांब वाटतंय.” ती खाली घोंगडीच्या कडेला बसली. “तुझा बाप शाळंत दाराशी बसायचा. वारं लागायचं त्याच्या पाठीला. मी म्हनायचो गुरुजीस्नी, त्याला बी आत घ्या की. म्हनायचो मंजे मनात म्हनायचो.”

सविताने आतल्या दाराकडे पाहिलं आणि चहा टाकायला उठली. यशोधराला जे विचारायचं होतं ते तिने रिक्षात घोळून आणलं होतं, साधं, एका वाक्याचं. ते वाक्य तिला आता बोलता येईना. ती म्हणाली, “आबा, वाचनालयातून एक जण उद्या तुम्हाला फोन करेल. पुण्याहून. त्या गाण्यांच्या पुस्तकाचं विचारेल. ते पुस्तक कुणाचं, असं.”

“गान्यांचं? तुज्या बापाचं पुस्तक न्हवं ते? म्या तर भाताचं लिवलंय. तालुक्याच्या सायबानं लिवून घेतलं.”

हे इतक्या लवकर झालं की तिला हलकं वाटायलाही वेळ मिळाला नाही. तिने मान हलवली. काम झालं होतं. उद्या एवढंच सांगा आबा, असं म्हणून उठायला हरकत नव्हती. पण चहा यायचा होता.

“तुम्हाला ती गाणी येतात, असं सविता म्हणत होती.”

“येत्यात मंजे? म्या बी व्हतो की तितं. दोन पावसाळं. रेल्वे पावसाळ्यात जादा मानसं घ्यायची, दरड बगायला. तुज्या बापानंच लावलं मला. भावकीनं लय तोंड टाकलं, त्याच्या हाताखाली जातूस म्हनून. मी गेलतो.” त्यांनी घोंगडीतून हात बाहेर काढून पुढे धरला, दिवा धरावा तसा. “तो म्होरं दिवा घिऊन, मी मागं शिट्टी घिऊन. बोगद्यात लय भ्या वाटायचं. मंग म्हनायचं. त्यो एक वळ म्हनायचा, मी एक म्हनायचो.”

“मग?”

“मंग काय? गाडी यायची. भिताडाला चिकटायचं.”

ते स्वतःशीच हसले, आणि हसता हसता गायला लागले. आवाज फाटका होता पण चाल तीच होती. ती चाल तिला पायांच्या तळव्यांपासून माहीत होती. क्वार्टरच्या पत्र्याखाली, बाप ड्यूटीवर निघण्याआधी, आई डब्याचं झाकण लावत असायची आणि बाप यशोधराच्या अंथरुणाशी उकिडवा बसून हेच म्हणायचा. पुस्तकात ते सातवं आहे. दिवा हले गं, वाट हले, डोंगर जागा, नीज गं यशे. लहानपणी मैत्रिणींना ती सांगायची, माझ्यावर गाणं आहे आणि ते छापलंय. मोठेपणी ती सांगेनाशी झाली, पण ते कुठेतरी आत ठेवलेलं होतं, ज्याची रोज गरज पडत नाही आणि जे हरवलेलं नाही अशा वस्तूसारखं. आबा म्हणत होते, दिवा हले गं, वाट हले, डोंगर जागा, नीज झुंबरे.

तिला वाटलं ते चुकले. त्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच.

“झुंबर कोण, आबा?”

“आमची झुंबर. कामशेतला दिलीय ती. नातवंडं झाली तिला आता. तुज्याहून थोरली. तू व्हायची व्हतीस, तवा ती रांगत व्हती.”

“हे गाणं तिच्यावर केलेलं?”

“तिच्यासाठी म्हनायचो.”

“केलं कुणी? पहिल्यांदा जुळवलं कुणी?”

आबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काही लपवलेलं नव्हतं. तिला ते नंतरही अनेकदा तपासून पाहावंसं वाटलं आणि प्रत्येक वेळी ती याच निष्कर्षाला आली. त्यांना प्रश्न कळला होता.

“त्यानं पुस्तक आनलं व्हतं मला दावायला,” ते म्हणाले. “हितंच बसला व्हता, पडवीत. आमची म्हातारी चहा कपात देईना, तर उठून ग्येला न्हाई, पेल्यातनं प्याला. मी म्हनलं, हनमा, माझं नाव घातलंस का रं? तर म्हनला, घातलंय की. दोगांचं नाव येकच, छापायला सोपं. आन लय हसला. मी बी हसलो. मला वाचायला कुटं येतंय बारीक अक्षर.”

सविता चहा घेऊन आली. कपांत होता. “काय हसताय आबा?” तिने विचारलं. आबा म्हणाले, काय न्हाई, आणि बशीत चहा ओतायला लागले. ओंकार फाटकावरून ओरडून विचारत होता की दोन गेस्ट वाढलेत, तांदूळ जास्त लावू का. यशोधराने चहा प्याला. चांगला होता, आलं जास्त होतं. जाताना तिने एवढंच म्हटलं, “उद्या फोन आला की तुम्हाला जे आठवतं ते सांगा.” तिला ‘माझं नाही म्हणा’ असं सांगायचं होतं. ते तिने सांगितलं नाही, आणि का नाही, हे रिक्षा नेव्हीच्या गेटपर्यंत आली तरी तिला ठरवता आलं नव्हतं.

बाप थट्टा करायचा. ती त्याची पद्धत होती, अवघड गोष्ट हसून बोलायची आणि ऐकणाऱ्यावर सोडून द्यायची. पण बाप कधी उगाच बोलत नसे. छापखान्यात नाव देताना त्याने वडिलांचं नाव मध्ये घातलं नव्हतं. सरकारी कागदावर तो पूर्ण नाव लिहायचा, अभिमानाने, तिन्ही शब्द. पुस्तकावर दोनच. का, असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. पानावर जे आहे ते लिही. आणि त्याच माणसाने सखारामभाऊंपुढे टोपी हातात धरून खंडाळा म्हटलं होतं. त्या वेळी त्याने स्वतःला वेगळं केलं, की त्याला विचारलं म्हणून त्याने फक्त राहण्याचं ठिकाण सांगितलं? खणातलं कार्ड पाहायला तो यायचा तेव्हा तो कोणाला पाहत होता? सात नंबरचं गाणं झुंबरचं असेल आणि बापाने त्यात तिचं नाव घातलं असेल. किंवा ते बापाचं असेल आणि आबांनी आपल्या पोरीचं नाव घातलं असेल. रांगणारी झुंबर आधीची, हे खरं. पण गाणं ती रांगत असतानाच म्हटलं, हे कुणी सांगितलं? आई असती तर तिला विचारता आलं असतं. आई म्हणाली असती, मला काय माहीत, मी डबा भरत होते.

तिने नव्या मानकांचं पुस्तक उघडलं होतं, सोमवारी सकाळी, वाचनालय उघडल्या उघडल्या. माणसाचं कामाशी असलेलं नातं दाखवणाऱ्या शब्दांची सूची त्यात होती. कवी. सहकवी. गायक. संकलक. ज्याच्या नावावर मानले जाते तो. एका वाटेवर मागून चालणाऱ्यासाठी शब्द नव्हता. असायला हवा होता असंही तिला म्हणता येईना. कुठवर रकाने करणार? दुपारी दोन विद्यार्थी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मागून गेले, एका पेन्शनराने पंखा मोठा करायला लावला. बाजीराव येऊन म्हणाले, “मॅडम, काम वेळेत जाऊ द्या हं. तपासणी आहे, आपला अनुदानाचा वर्ग खाली यायला नको.” ती हो म्हणाली.

चार वाजून गेल्यावर अतुलचा फोन आला.

“मॅडम, बोललो त्यांच्याशी. आधी सूनबाईंशी, मग आजोबा आले. ऐकू कमी येतं ना त्यांना? मी ओरडून विचारलं, गाण्यांचं पुस्तक तुमचं की दुसऱ्या गायकवाडांचं. तर म्हणाले, त्याची पोर आली होती.”

“बरं.”

“मी म्हटलं, ते ठीक आहे आजोबा, पण गाणी कुणाची? तर जरा थांबले. मग म्हणाले, त्याचीच समजा.”

यशोधराने समोरच्या कार्डाच्या कोऱ्या बाजूवर ‘समजा’ लिहिलं.

“मॅडम, समजा म्हणजे काय धरू मी? नाही म्हणाले असं धरलं तर तुमचं काम होतं. आत्ता होतं. फॉर्म माझ्यासमोर आहे. पण ते तसं नाही म्हणाले हो. मला खोटं नाही घालायचं, आणि तुमचं अडकायलाही नको. तुम्ही सांगा. तुम्हाला माहीत असेल ना ते कसे बोलतात. ते तर तुमच्या नात्यातले नाहीत ना?”

“नाही,” ती म्हणाली. “ते नातं नाही.”

“मग सांगा. नाही धरू?”

“थांब जरा. मी फोन करते.”

“सहाला बंद होतं, मॅडम.”

“माहीत आहे.”

तिने फोन टेबलावर उपडा ठेवला. वाचनालयात त्या वेळी एकच वाचक होता, तोही वर्तमानपत्र डोळ्यांवर घेऊन बसलेला. बाहेर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग हलत नव्हती. पाच पन्नासला तिने नोंद पुन्हा उघडली. तोवर अतुलचे आणखी दोन फोन येऊन गेले होते आणि तिने ते उचलले नव्हते. नोंद एकच होती. गायकवाड, हनुमंत. जन्म १ जून १९४१. पुस्तकं दोन. मृत्यूचा रकाना रिकामा होता. सहा वाजून गेले तेव्हाही तो तसाच होता.